उस्तादांच्या हत्यारांची पूजा

मी सुताराची मुलगी आहे, हे मी लोकांना न विचारताच सांगते. बहरीनला येऊन माझं अर्धं आयुष्य झालं. अदलियातल्या एका लहानशा आर्किटेक्टच्या ऑफिसात मी फोन, बिलं आणि मॅडमचा राग सांभाळते. लाकडाला आजवर कधी हात लावलेला नाही, पण कुठे नक्षीचं दार दिसलं की माझं तोंड सुरू होतं. कुडाळकडचं आमचं गाव, लाकूड तासायचा बाबांचा वाकस, बाबांच्या पटाश्या, सगळं ओळीने येतं. नवरा म्हणतो, तुझ्या बाबांनी हातांनी जेवढी दारं केली नसतील तेवढी तू तोंडाने केलीस. ते खरंच आहे. ज्या गोष्टीची मला आज लाज वाटते ती या मिरवण्यातूनच सुरू झाली.

तेव्हा आमच्या ऑफिसकडे नईममधल्या एका बिल्डिंगचं काम होतं. त्या वस्तीतल्याच लोकांची एक संस्था आहे, तिची ही बिल्डिंग. ज्यांची जुनी घरं पडायला आली होती अशी कुटुंबं, एकट्या राहिलेल्या बायका, म्हातारी माणसं, यांना तिथे घरं मिळणार होती. मॅडम स्वतः बहरिनी. पूर्वी इथल्या घरांच्या दारांच्या वर, भिंतीत, कोरीव जिप्समचं नक्षीकाम असायचं, तसं या बिल्डिंगच्या चारही दारांवर असावं असं त्यांच्या मनात होतं. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ, त्यांना सगळे हाजी म्हणत. मीटिंगला ते फायबरच्या तयार पॅनलांचा कॅटलॉग घेऊनच आले. दिसायला सेम, पाण्याने खराब होत नाही, आठवड्यात बसतं, असं म्हणून त्यांनी तो टेबलावर पसरला.

माझं काम मीटिंगमध्ये काय ठरलं ते लिहून घ्यायचं. ते सोडून मी बोलले. म्हणाले, हाजी, माझे वडील सुतार होते. ते म्हणायचे, यंत्राने केलेलं दार नुसतं उघडतं, हाताने केलेलं दार माणसाला या म्हणतं. बाबा असलं काही जन्मात बोलले नव्हते. ते दिवसभरात दहा शब्द बोलत आणि त्यातले सहा तंबाखू मागण्यासाठी असत. पण हाजींना वाक्य आवडलं. शेवटी ठरलं ते असं: एक दार हाताने करून घ्यायचं. ते वेळेवर आणि बिनचूक झालं, तर उरलेली तिन्ही त्याच कारागिराला द्यायची. नाही तर कॅटलॉग आहेच. मग हाजींनी पेन माझ्याकडे रोखलं आणि म्हणाले, जबाबदारी हिची.

कारागीर मीच शोधला. अदलियातल्या एका रेस्टॉरंटची भिंत त्याने केली होती, तिथून पत्ता मिळाला. मला वाटलं होतं कोणी शांत, कृश म्हातारा असेल. उस्ताद निघाले धिप्पाड, पोट सुटलेले, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडच्या माणसाने वळून बघावं. लहानपणी सूकमध्ये मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे कामाला होते, त्यामुळे हिंदी फर्डं आणि व्याकरणाच्या पलीकडचं. “बहरीन में मेरे जैसा दूसरा? मफी!” हे त्यांचं पहिलं वाक्य. मफी म्हणजे नाहीच. मॅडमच्या ड्रॉइंगला त्यांनी नावं ठेवली. मापात स्वतः चुकले तेव्हा टेप चिनी आहे म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनात म्हटलं. मग त्यांनी हातात सुरी घेतली आणि ओल्या जिप्सममध्ये आठ पाकळ्यांचं फूल उतरवलं, तेव्हा मी मनातलं मागे घेतलं.

त्यांना हे काम किती हवं होतं, ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. ते जन्मले नईममध्येच. गेली कितीतरी वर्षं त्यांचं काम फक्त हॉटेलांत आणि मॉलच्या दुकानांत. “होटल में आदमी प्लेट देखता है, उख्ती, दीवार नहीं देखता. घर का दरवाज़ा आदमी रोज़ देखता है.” उख्ती म्हणजे बहीण, मला ते तसंच म्हणत. आणि त्यांची एक मुलगी होती, शाळेत शिक्षिका. दुपारी शाळा सुटल्यावर ती बापाकडे हे काम शिकत होती. पोरींनी जिप्सम कोरायचा रिवाज नाही, पण उस्तादांना रिवाजाची फारशी पर्वा नव्हती. “पहला दरवाज़ा मेरा. दूसरा बेटी का. वो काम करेगा, मैं कुर्सी पे बैठेगा, गाली देगा.” म्हणजे पहिलं दार पास झालं तरच मुलीचं दार होतं. त्यांनाही ते माहीत होतं आणि मलाही.

तळमजल्याच्या रिकाम्या हॉलमध्ये दारावर बसवायचं पॅनल जमिनीवर ओतलं होतं. ओलं असेपर्यंतच ते नीट कोरलं जातं, म्हणून रात्री त्यावर भिजवलेली पोती घालत. मी जेवणाच्या सुट्टीत काही ना काही निमित्त काढून तिथे जायची. थर्मासमधून चहा न्यायची. “सुतार की बेटी, चाय लाया?” असं ते दारातूनच ओरडत. मी पोत्यावर बसून बघायची. खरं सांगायचं तर बाबांच्या शेजारी मी अशी कधी बसले नव्हते. तेव्हा मला शिकायचं होतं, नोकरी करायची होती, त्या भुश्शातून बाहेर पडायचं होतं.

त्या वर्षीचा दसरा कामाच्या दिवशी आला. सकाळी घरी पूजा झाली. गाडीची किल्ली, माझा लॅपटॉप, स्वयंपाकघरातली विळी, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. मनामा शहरातल्या देवळाजवळच्या गल्लीतून आदल्या दिवशी झेंडू आणला होता, त्यातला उरलेला पिशवीत टाकून मी ऑफिसला गेले. हळदकुंकवाची छोटी डबीही पिशवीत होती. ऑफिसातल्या प्रिंटरला लावावं असा विचार होता, पण मॅडम समोर होत्या म्हणून धीर झाला नाही.

दुपारी नईमला गेले. उस्ताद नमाज आणि जेवणासाठी घरी गेले होते. हॉलमध्ये कोणी नव्हतं. पोत्यावर त्यांची हत्यारं ओळीने मांडलेली होती: वाकड्या पात्याच्या सुऱ्या, लहान-मोठ्या पटाश्या, घासून घासून बारीक झालेला कंपास. काही मुठींना कापड गुंडाळलेलं. बाबा दसऱ्याला अशीच मांडायचे. त्या दिवशी ते हत्याराला हात लावत नसत, नुसती पूजा करून समोर बसत. मी पिशवीतली डबी काढली. मी बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवलं, हळद कालवली आणि एकेका पात्याला लावली. वर कुंकू. प्रत्येकावर झेंडूचं एक फूल. हात जोडले. मला फार बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

मग भान आलं. माणूस मुसलमान, नुकता नमाज पढून येणार, आणि त्याच्या हत्यारांवर आपण फुलं ठेवून बसलो आहोत. मी झटपट फुलं उचलली. ओल्या फडक्याने एकेक पातं पुसलं, पुन्हा होती तशी ओळीने मांडली आणि निघून आले. लोक म्हणतात, अजाणता घडलेल्या गोष्टीची लाज कशाला. पण मी पुसलं, म्हणजे मला ठाऊक होतं. हे विचारून करायचं काम आहे आणि विचारलं तर नाही म्हणतील, हे ठाऊक होतं म्हणूनच मी ते चोरून केलं आणि चोरून पुसलं.

पुसलं ते पात्यांवरचं. पातं मुठीत जिथे बसतं तिथल्या फटीत आणि मुठीच्या कापडात हळद राहिली. त्या दुपारी उस्तादांनी ओल्या जिप्समवर हात चालवला तेव्हा ती पाण्याबरोबर उतरत गेली. ओलं जिप्सम करडं दिसतं आणि हॉलमध्ये उजेड कमी. त्यांच्या चष्म्यावर कायम धूळ. दिसलं नाही. वर रात्रभर ओली पोती, त्यामुळे हळद आत आत मुरली. उस्ताद जिप्सममध्ये थोडा चुना घालत. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आमच्याकडे लहान पोरींनाही माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. “उख्ती, तुम आओ.” आवाज हळू होता, त्यानेच मला धास्ती बसली. जाऊन बघते तर पॅनलच्या उजव्या कोपऱ्यात, दोन फुलांच्या मध्ये, तांबूस फराटे. वाळत आलेल्या पांढऱ्यावर ते असे दिसत होते की कोणी जखमी हात टेकला असावा.

मी सांगून टाकलं. तिथेच, उभ्याउभ्या. दसरा म्हणजे काय, बाबा काय करत, मी काय केलं, सगळं. उस्ताद आधी ऐकत राहिले आणि मग जे भडकले ते अरबीत. मला अर्थ लागला नाही, पण लागायची गरजही नव्हती. शेवटी हिंदीत आले. “मेरा औज़ार को पूजा नहीं मंगता! उसको तेल मंगता! तुम मेरे को पूछा? तुम्हारे बाप का औज़ार था?”  मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते बराच वेळ खाली बसून फराट्यावर बोट फिरवत होते. नखाने खरवडून बघितलं. तांबडं आतपर्यंत गेलेलं. नवं पॅनल ओतून कोरायला वेळ उरला नव्हता. चार दिवसांनी संस्थेची माणसं बघायला येणार होती आणि त्यानंतर लगेच कुटुंबं राहायला येणार होती. मी म्हणाले, मी हाजींना सांगते, चूक माझी आहे, तुमच्या हाताची नाही. ते एकदम वर बघून म्हणाले, “मजनून हो? पागल?”

मग त्यांनी मला समजावलं, रागानेच. हाजी भला माणूस आहे, तो हसेलही. पण समितीत दहा माणसं आहेत. त्यातला एक जण म्हणेल, ज्या दाराखालून आमच्या आया-बहिणी रोज जाणार त्यावर हिंदूंच्या पूजेचा रंग आहे. एकदा एक जण बोलला की बाकीच्यांना बोलावंच लागतं, गप्प राहिलं तर ईमान कमी दिसतं. पॅनल उतरवतील. “नईम में दीवार को कान नहीं, ज़बान होता है. तुम किसी को नहीं बोलेगा. मैडम को नहीं. मेरी बेटी को भी नहीं, वो इन लोग का बच्चा पढ़ाता है. क़सम दो.” माणसं सगळीकडे सारखीच. आमच्या गावच्या देवळाच्या दारावर कोणी भलताच हात लावला असता तर आमच्या दहा जणांनी याहून वेगळं काय केलं असतं? मी बाबांची शपथ घेतली.

त्यांनी तो कोपरा कापून काढला. तांबडं जिथवर गेलं होतं तिथवर, आरपार. दोन फुलांमधली भरीव वेल गेली आणि तिथे एक भोक पडलं. त्याला त्यांनी जाळीचा आकार दिला, कडा घासल्या. काम सुंदरच झालं. पण डाव्या कोपऱ्यात वेल आणि उजव्यात जाळी, आणि ज्या नक्षीचा सगळा जीव दोन बाजू सारख्या असण्यात, तिथे हे कोणाच्याही डोळ्यात आलं असतं. मी म्हटलं, डावीकडेही तसंच करा ना. ते म्हणाले, डावीकडे पाठीमागे लोखंडी सळी आहे, तिथे कापता येत नाही.

समिती आली. हाजींनी आयुष्यभर बँकेत आकडे तपासलेले, त्यांनी पहिल्याच नजरेत उजवा कोपरा पकडला. हे काय? उस्तादांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. दोन्ही हात पुढे केले, पंजे उघडे, आणि अरबीत काहीतरी बोलून हसले. मॅडमनी मला कानात सांगितलं, “ते म्हणतात, हात घसरला. म्हातारा झालो.” एवढा बढाईखोर माणूस, टेप चिनी आहे म्हणणारा, दहा जणांसमोर म्हणाला की माझा हात घसरला. हाजींचा चेहरा मऊ झाला. त्यांनी उस्तादांच्या खांद्यावर हात ठेवला. रागावले असते तर मला सोसलं असतं.

उरलेली तीन दारं गेली. कॅटलॉगकडे नाही, त्याहून वाईट झालं. कोणीतरी सुचवलं की याच पॅनलचा रबरी साचा घ्यावा आणि त्यातून तीन ओतावेत, म्हणजे चारही दारं एकसारखी. तसंच केलं. उजव्या कोपऱ्यातली जाळीही साच्यात आली. आज नईमच्या त्या बिल्डिंगला चारही बाजूंनी तीच चूक आहे. फोटो काढणारे लोक तिला डिझाइन समजतात.

मी घरी नवऱ्याला सांगितलं. शपथ मोडली की नाही देव जाणे, पण पोटात मावेना. तो सनाबिसच्या आमच्या दोन खोल्यांत जेवत बसला होता, ताटातून मान वर न करता म्हणाला, “तेना सांगल्यान मां, गप रव म्हणान? मगे रव गप. आपलो व्हिसा खयच्या ऑफिसाचो आसा, विसारलंस काय?” मी त्याच्यावर चिडले. दोन दिवस बोलले नाही. पण तो बोलला तेच माझ्या मनात आधीपासून होतं. उस्तादांनी शपथ मागितली तेव्हा मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी सुटल्यासारखंही वाटलं. जबाबदारी हिची, असं हाजी म्हणाले होते, आणि आता मला काही सांगावं लागणार नव्हतं. गप्प राहणंच बरोबर होतं, हे मी आजही म्हणेन. फक्त ते माझ्यासाठी इतकं सोयीचं नसतं तर बरं झालं असतं.

कुटुंबं राहायला आली त्या दिवशी संस्थेने छोटा समारंभ ठेवला. खजूर, गहवा म्हणजे अरबी कॉफी, प्लास्टिकच्या खुर्च्या. हाजींनी भाषणात उस्तादांना आपल्या वस्तीचा मान म्हटलं आणि त्यांना एक ढाल दिली. आता उस्तादांनी आराम करावा, असंही म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उस्ताद खुर्चीत बसून होते आणि पहिल्यांदाच मी त्यांना चारचौघांत हळू आवाजात बोलताना पाहिलं, तेही शेजारच्याने दोनदा विचारल्यावर. आपलीच माणसं कोणाला वारंवार म्हातारा म्हणू लागली की तो थोडा थोडा होतोच.

त्यांची मुलगी मला शोधत आली. आम्ही आधी एकमेकींना फक्त लांबून पाहिलं होतं. चाळिशीची असेल, अंगभर काळा अबाया, खांद्याला शाळेची पिशवी. इंग्रजीत बोलत होती, स्वच्छ, वर्गात बोलतात तशी. तिने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, “बाबांनी मला सांगितलंय, त्यांच्यासाठी मीटिंगमध्ये तुम्ही भांडलात. त्यांच्या हाताचं असं झालं तरी तुम्ही त्यांना कमी लेखलं नाहीत. मला हे आधी कळायला हवं होतं. मी रोज शेजारी बसायची आणि मला त्यांचा हात थरथरताना दिसला नाही. कदाचित मला बघायचंच नव्हतं.”

मी म्हणाले, तुझी यात काही चूक नाही. तेवढंच खरं मला बोलता येण्यासारखं होतं.

“डॉक्टरकडेही नेलं,” ती म्हणाली. “त्यांना काही सापडलं नाही, पण वयाचं काय सांगता येतं? म्हणून मी सुऱ्या, पटाश्या सगळं कपाटात ठेवून कुलूप लावलंय. चिडले, ओरडले, मग गप्प बसले. गाडीची किल्लीही काढून घेतली. मी बरोबर केलं ना? आई असती तर तिनेही असंच केलं असतं ना?”

तिच्या खांद्यावरून मला उस्ताद दिसत होते. ते आमच्याकडेच बघत होते. त्यांनी मान हलवली नाही, बोट उचललं नाही, नुसतं बघत होते. तिने अजून माझे हात सोडले नव्हते.

“हो,” मी म्हणाले. “बरोबर केलंस.”